जोत्याखालून येणारी हवा

भंडारा-गोंदियाकडे घर बांधायचे ठरले की पहिला प्रश्न जोत्याच्या भरावाचा असतो. मुरूम कोणत्या टेकडीचा आणायचा, ट्रॉलीला किती द्यायचे, पाणी मारून तो किती दिवस दाबू द्यायचा, याची चर्चा ओसरीवर अनेक संध्याकाळी चालते. हा मुरूम ज्या खडकातून झिजून तयार होतो, तो नीस आणि ग्रॅनाइट जातीचा फार जुना खडक आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरचा बराच भाग त्याच्यावर उभा आहे, तर पश्चिमेला यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा हे जिल्हे मुख्यतः सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या पाषाणावर वसले आहेत. नागपूर या दोहोंच्या सीमेजवळ आहे. या खडकांमधला एक फरक डोळ्यांना दिसत नाही. ग्रॅनाइटमध्ये टनामागे साधारणपणे तीन-चार ग्रॅम युरेनियम विखुरलेले असते, आणि काळ्या पाषाणात ते बहुधा एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. एवढ्याशा युरेनियमसाठी कोणी खाण खणणार नाही. पण ते अब्जावधी वर्षे मंद गतीने विघटित होत आहे, आणि त्या विघटनाच्या वाटेवर एक वायू लागतो. त्या वायूविषयी आणि त्याच्यापासून पुढे निर्माण होणाऱ्या धातूंविषयी मला लिहायचे आहे, कारण ही गोष्ट आपल्या झोपायच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचते आणि तरीही आपल्याकडे घर बांधताना तिचा उल्लेख होत नाही.

त्या वायूचे नाव रेडॉन. युरेनियम-२३८ पासून अनेक टप्प्यांनंतर रेडियम-२२६ तयार होते, त्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षे आहे, आणि रेडियमचा अणू फुटला की रेडॉन-२२२ जन्मतो. या साखळीत रेडॉनच्या आधीचे आणि नंतरचे सगळे घटक घनरूप आहेत, ते जिथे तयार होतात तिथे मातीच्या कणाला धरून राहतात. रेडॉन तेवढा मोकळा सुटतो. तो निष्क्रिय वायू आहे, कशाशीही संयोग करत नाही, त्याला रंग नाही आणि वास नाही. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे आणि सगळी गोष्ट या आकड्यावर अवलंबून आहे. थोरियम या दुसऱ्या किरणोत्सर्गी धातूपासून निघणारा त्याचा भाऊबंद थोरॉन याचे अर्धायुष्य केवळ ५५.६ सेकंदांचे असते, त्यामुळे तो मातीत काही सेंटिमीटर सरकतो आणि संपतो. ३.८ दिवसांत मात्र कोरड्या, भुसभुशीत मातीतून मीटरभर वर येण्याइतका वेळ रेडॉनला मिळतो. जमिनीच्या पोकळ्यांमधल्या हवेत तो दर घनमीटरला हजारो बेकरेल असतो. उघड्यावर आला की वारा त्याला पांगवतो आणि हे प्रमाण दहाच्या आसपास उतरते. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन. घराच्या जोत्याखालून तो वर आला तर पांगायला जागा उरत नाही, आणि तो खोलीत साठू लागतो.

या विषयाकडे मी पुस्तकातून वळलो नाही. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि किरणोत्सर्गाचा धडा दरवर्षी परीक्षेपुरता शिकवत होतो. मग आमच्या मोठ्या आईला, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या पत्नीला, फुप्फुसाचा कर्करोग निघाला. तिने आयुष्यात बिडी ओढली नाही. खर्रासुद्धा तिला चालत नसे, कोणी अंगणात थुंकले तर ती बोलून दाखवायची. नागपूरच्या डॉक्टरांनी घरात बिडी कोण ओढते, स्वयंपाक कशावर होतो, असे विचारले आणि पुढच्या उपचारांकडे वळले. ती गेल्यानंतर तेरवीला आलेल्या एका नातलगाने मला विचारले, ‘‘मास्तर, मंग झाला कशानं?’’ मी विज्ञानाचा माणूस, म्हणून त्याने मला विचारले. एका माणसाच्या कर्करोगाचे कारण असे बोट ठेवून दाखवता येत नाही, हे मी त्याला सांगितले आणि ते खरेच आहे. तिने चाळीसहून अधिक वर्षे चुलीचा धूर गिळला होता. मोठे बाबा तिच्या शेजारी बसून बिड्या ओढत. आणि ती ज्या खोलीत झोपत असे, तिला मातीच्या जाड भिंती, शेणाने सारवलेली भुई आणि छताजवळ एक वीतभर रोशनदान होते, तेही हिवाळ्यात फडके कोंबून बंद केलेले असे. हजारो माणसांचा हिशेब केला तर कोणत्या कारणाचा वाटा किती, हे सांगता येते. एका माणसाबाबत ते सांगता येत नाही. पण त्या प्रश्नाने मला त्या हिशेबाकडे नेले.

रेडॉनबद्दल बोलताना एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण बहुतेक लेखन तिच्यावरून घाईने पुढे जाते. श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतांशी तसाच श्वासाबरोबर बाहेर येतो. तो शरीरात अडकत नाही. खरा मामला त्याच्या विघटनानंतर सुरू होतो. रेडॉनचा अणू फुटला की पोलोनियम-२१८ तयार होते, आणि तो वायू नसून धातूचा एकटा, विद्युतभारित अणू असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे तीन मिनिटांचे. त्यातून शिसे-२१४ येते, ते सुमारे २७ मिनिटांचे. त्यातून बिस्मथ-२१४, सुमारे २० मिनिटांचे. आणि त्यातून पोलोनियम-२१४, जे सेकंदाच्या सुमारे सहा हजाराव्या भागात फुटते. हे अणू हवेत मोकळे फिरत राहू शकत नाहीत. धुळीच्या कणाला, धुराच्या कणाला, भिंतीला किंवा कपड्याला ते चिकटतात, आणि श्वासात आले तर श्वासनलिकेच्या ओलसर अस्तराला चिकटतात. अस्तर आपली घाण वर ढकलून बाहेर काढत असते, पण त्या कामाला तास लागतात आणि या अणूंना मिनिटे पुरतात. पोलोनियमची दोन्ही रूपे फुटताना अल्फा कण, म्हणजे अणूच्या गाभ्यातून सुटलेला जड, वेगवान कण सोडतात. अल्फा कण कातडीच्या मृत थरातून आत जाऊ शकत नाही, हवेत काही सेंटिमीटरांत थांबतो, आणि ऊतीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही जात नाही. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या ज्या पेशी विभाजित होत असतात, त्या नेमक्या तेवढ्याच खोलीवर असतात. एवढ्या कमी अंतरात एवढी मोठी ऊर्जा पडली की पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटू शकतात, आणि अशी तूट पेशीला नीट जुळवता येत नाही.

हे माझ्या विद्यार्थ्यांना फळ्यावर सांगून पटत नव्हते, म्हणून आम्ही एक प्रयोग केला, तो कोणत्याही महाविद्यालयात करता येतो. दिवाळीच्या सुट्टीत बंद राहिलेल्या, तळमजल्यावरच्या एका अडगळीच्या खोलीत आम्ही रबरी फुगा फुगवून, लोकरीच्या स्वेटरवर घासून, दोऱ्याने टांगला. घासल्याने फुग्यावर ऋण भार येतो आणि हवेतले धन भाराचे पोलोनियमचे अणू, तसेच त्यांना घेऊन फिरणारी भारित धूळ, त्याच्याकडे ओढली जाते. अर्ध्या-पाऊण तासाने फुगा काढला, हवा सोडून त्याची घडी केली आणि प्रयोगशाळेतल्या, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर-म्युलर नळीसमोर ठेवली. नळीचे ठोके एरवीच्या कितीतरी पट वाढले. त्या फुग्यात कोणीही काही घातले नव्हते, तो गुजरीच्या दुकानातला होता. दर काही मिनिटांनी नोंद घेत गेलो तसे ठोके उतरत गेले, पाऊण तासाच्या सुमारास निम्म्यावर आले आणि दुपारपर्यंत जवळपास मूळ पातळीला पोहोचले. शिसे आणि बिस्मथ यांची मिनिटांची अर्धायुष्ये मुलांनी आलेखावर स्वतः काढली. त्या दिवशी एका मुलीने विचारले की हेच आपल्या छातीत रोज बसत असेल का. बसते, असे मी सांगितले, आणि किती बसते हाच मुख्य प्रश्न आहे.

तेव्हा किती? जगभरातल्या घरांची सरासरी दर घनमीटरला सुमारे ४० बेकरेल मानली जाते. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते, म्हणजे सरासरी घरातसुद्धा त्या खोलीत सेकंदाला तेराशेहून अधिक रेडॉन अणू फुटत असतात. ऐकायला हे भयंकर वाटते, पण तेवढ्या विघटनासाठी खोलीत असलेल्या रेडॉनच्या अणूंची एकूण संख्या सुमारे ६५ कोटी भरते आणि इतके अणू एकत्र केले तरी सूक्ष्मदर्शकाखालीही जेमतेम दिसतील. माणूस या पृथ्वीवर नेहमीच या विघटनात जगत आला आहे. निसर्गाकडून आपल्याला वर्षाला किरणोत्सर्गाची सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीरावर होणारा परिणाम मोजण्याचे एकक) मात्रा मिळते, तिच्यातला जवळपास अर्धा वाटा रेडॉन आणि त्याच्या विघटनातून आलेल्या घटकांचा असतो. सरासरीची काळजी मी करत नाही. काळजी त्या घरांची आहे, जिथे हा आकडा सरासरीच्या कित्येक पट चढतो आणि राहणाऱ्याला त्याची कोणतीही खूण मिळत नाही.

असे चढते हे जगाला दोन प्रसंगांनी कळले. सॅक्सनीतल्या श्नेबर्गच्या खाणीतले कामगार शतकानुशतके छातीच्या आजाराने मरत, आणि १८७९ मध्ये हार्टिंग आणि हेसे या दोघा डॉक्टरांनी तो आजार फुप्फुसातली गाठ असल्याचे नोंदवले. रेडॉनचा शोध लागायला त्या वेळी वीस वर्षे अवकाश होता. दुसरा प्रसंग १९८४ चा. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे अभियंता स्टॅनली वॉट्रस कामावर आले की किरणोत्सर्ग तपासणारी यंत्रे वाजत, आणि तेही केंद्रातून वीजनिर्मिती सुरू झालेली नसताना. शेवटी कळले की किरणोत्सर्ग ते घरून आणत होते. त्यांच्या घरातल्या हवेत दर घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल रेडॉन निघाला. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग निर्माण करणारा म्हणून पहिल्या गटात घातले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भपातळी सुचवली, आणि जिथे ती शक्य नाही तिथेही ३०० ओलांडू नये असे म्हटले. दीर्घकाळच्या सरासरीत १०० बेकरेल वाढले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असा युरोपातल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आहे.

ही १६ टक्के वाढ कशात होते, हे महत्त्वाचे आहे. ती ज्याच्या-त्याच्या मूळ धोक्यात होते, आणि बिडी ओढणाऱ्याचा मूळ धोका आधीच कितीतरी मोठा असतो. रेडॉनमुळे धूम्रपान करणाऱ्याला असलेला धोका न करणाऱ्याच्या अंदाजे २५ पट आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातला तेंदूपत्ता सगळ्या देशात जातो, उन्हाळ्यात पत्ता तोडणीवर आपल्याकडच्या हजारो कुटुंबांचे घर चालते, आणि तो पत्ता बिडी होऊन पुन्हा आपल्याच ओसरीवर येतो. त्या बिडीतल्या तंबाखूतही रेडॉनची साखळी पोहोचलेली असते. हवेत फुटलेल्या रेडॉनपासून शेवटी सुमारे २२ वर्षे अर्धायुष्य असलेले शिसे-२१० तयार होते, ते पावसाबरोबर आणि धुळीबरोबर खाली बसते, तंबाखूच्या पानावरच्या चिकट लवेला धरून राहते, आणि त्यातून येणारे पोलोनियम-२१० धुरातून छातीत जाते. म्हणून रेडॉनची चर्चा बिडी सोडून करणे मला पटत नाही. ज्या घरात बिडी आहे, त्या घरात पहिले काम बिडी बंद करण्याचे आहे, आणि रोशनदानाचा विचार त्याच्यानंतरचा.

मात्र त्यानंतरचा असला तरी तो करायलाच हवा. खोलीतल्या रेडॉनची पातळी ठरते ती दोन गोष्टींनी: जमिनीतून किती येतो आणि हवेबरोबर किती बाहेर जातो. वरून पाणी पडत असलेल्या आणि बुडाशी छिद्र असलेल्या रांजणात पाणी जिथे स्थिर होते, तशीच ही पातळी स्थिर होते. रेडॉन स्वतःहून विरण्याची वाट पाहिली तर निम्मा व्हायला जवळपास चार दिवस लागतात, आणि खोलीतली हवा तासात एकदा बदलली तर तेच काम तासाभरात अधिक होऊन जाते. वायुवीजनाचा आणखी एक लाभ आहे, तो फारसा सांगितला जात नाही. रेडॉनपासून पोलोनियम, शिसे, बिस्मथ यांची पूर्ण भरती व्हायला तीनेक तास लागतात. हवा त्याच्या आत बदलत राहिली, तर शिल्लक राहिलेल्या रेडॉनलाही आपले धातू पुरते तयार करायला सवड मिळत नाही. छताचा पंखा हे धातू भिंतीवर आणि पात्यांवर बसवून हवेतून थोडे कमी करतो, पण रेडॉनला तो फक्त खोलीतल्या खोलीत फिरवतो.

या दृष्टीने आपल्या घरांकडे पाहिले की जुने चांगले आणि नवे वाईट, असा सोपा निवाडा करता येत नाही. जुन्या घराची सगळी भुई मातीची, म्हणजे वायूला यायला पूर्ण क्षेत्र मोकळे. मातीच्या भिंतींतून थोरॉनही येतो, जरी तो भिंतीपासून हातभर अंतराच्या आतच संपतो. पण छप्पर कवेलूचे होते. कवेलूच्या फटींतून धूर बाहेर जात असे आणि त्याच्याबरोबर बाकी सगळेही. घरकुलाच्या, स्लॅबच्या घरात भुई काँक्रीटची, म्हणून वायू येण्याच्या वाटा कमी. तो येतो भिंत आणि फरशी मिळते त्या सांध्यातून, नळ-संडासाच्या पाइपांच्या कडेने, आणि पश्चिम विदर्भात काळी माती उन्हाळ्यात फाटून पायव्याला पाडते त्या तड्यांतून. पण वर स्लॅब आहे, आणि खिडकीला डासांची जाळी, जाळीला धूळ, धुळीसाठी पडदा. जे आत आले त्याला बाहेर जायला वाट फार थोडी राहते. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. त्यात सहा माणसे, एक चूल आणि डिसेंबरची रात्र असेल तर दार-खिडकी बंदच होते. हिवाळ्यात आतली हवा उबदार, हलकी होऊन वर चढते आणि जमिनीकडून हवा ओढून घेते. म्हणजे ज्या ऋतूत आपण घर बंद करतो, त्याच ऋतूत घर जमिनीतून अधिक ओढते. आत पेटती शेगडी ठेवण्याचा धोका कार्बन मोनॉक्साइडमुळे वेगळाच आणि तातडीचा आहे. शिवाय तिच्या धुराच्या कणांवर हे धातू बसून हवेत तरंगत राहतात.

उन्हाळ्यात मात्र आपल्याकडचे एक यंत्र नकळत चांगले काम करते. विदर्भातला पत्र्याचा कूलर बाहेरची हवा गवताच्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो, आणि तो नीट चालावा म्हणून समोरचे दार किंवा खिडकी उघडी ठेवावीच लागते. खोलीत बाहेरची ताजी हवा सतत येते आणि आतला दाब किंचित वाढल्यामुळे जमिनीतल्या हवेला आत शिरणे कठीण जाते. आता गावागावांत एसी लागत आहेत. एसी तीच हवा फिरवून गार करतो आणि त्यासाठी खोली घट्ट बंद करावी लागते. मे महिन्याच्या ४५ अंशांत कोणी एसी लावू नये, असे मी म्हणणार नाही, म्हाताऱ्या माणसांचे जीव त्याने वाचतात. पण झोपण्याआधी आणि उठल्यावर खोली आरपार उघडी करावी, एवढे मी प्रत्येकाला सांगतो.

फ्लाय अॅशच्या विटांबद्दल चंद्रपूर आणि कोराडीकडचे लोक विचारतात. कोळशातला कार्बन जळून गेल्याने राखेत रेडियमचे प्रमाण कोळशापेक्षा वाढते हे खरे आहे, पण राखेचे कण काचेसारखे झालेले असल्याने त्यांच्यातून रेडॉन सहजी सुटत नाही. सर्वसाधारण घरात मोठा वाटा जमिनीचाच असतो. बोअरच्या पाण्यात विरघळलेला रेडॉन नळ सोडताना हवेत येतो, त्याचा वाटाही सहसा लहानच: पाण्यात दर घनमीटरला दहा हजार बेकरेल असतील, तर घरातल्या हवेत दर घनमीटरला साधारण एका बेकरेलची भर पडते, असे धरतात.

मोठ्या आईच्या खोलीत देवांच्या आणि वाडवडिलांच्या तसबिरी होत्या, त्यांच्यावरून मला स्वीडनमध्ये झालेले काम आठवते. पोलोनियमचा अणू काचेवर बसून फुटला की मागे राहिलेला अणू धक्क्याने काचेच्या पृष्ठभागात किंचित रुततो आणि शेवटी शिसे-२१० बनून तिथेच राहतो. त्याचे अर्धायुष्य २२ वर्षांचे असल्याने जुन्या तसबिरीच्या काचेतून येणारे अल्फा कण मोजले की त्या घरात गेली कित्येक वर्षे किती रेडॉन होता, याचा अंदाज बांधता येतो. आमच्या घरातली काच कोणी मोजलेली नाही आणि मोजली तरी त्या नातलगाच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. पण माणसाने चाळीस वर्षे घेतलेल्या श्वासांची नोंद भिंतीवरच्या काचेत राहू शकते, हे कळल्यापासून जुन्या तसबिरींच्या काचा बदलायला कोणी काढल्या की मी थोडा थांबतो.

जिवंत माणसांच्या घरांसाठी मोजण्याची साधी पद्धत आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने आणि अनेक विद्यापीठांच्या सहभागाने देशभरातल्या घरांत जी मोजणी झाली, तिच्यात एलआर-११५ नावाची सेल्युलोज नायट्रेटची पातळ फिल्म लहान डबीत बसवून खोलीत टांगली गेली. तीन महिन्यांत तिच्यावर अल्फा कणांचे ओरखडे पडतात, फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवली की ते मोठे होऊन मोजता येतात. तिला वीज लागत नाही. डबी झोपण्याच्या खोलीत लावावी, एक फेरी हिवाळ्याची अवश्य असावी, आणि मातीच्या घरात ती भिंतीला चिकटून लावू नये, नाहीतर थोरॉनची भर पडून आकडा फसवतो. शेजारच्या घराचा आकडा कमी आला म्हणून आपलाही कमी असेल असे धरू नये. पायव्यातल्या एका तड्याने दोन लगतच्या घरांत कित्येक पटींचा फरक पडतो. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या विज्ञान महाविद्यालयांनी हे काम हाती घेतले, तर गावागावांचा नकाशा विद्यार्थीच तयार करू शकतील, आणि माझी ती मनापासून इच्छा आहे.

नवे घर बांधणाऱ्याला मोजणीची वाट पाहायचीही गरज नाही, कारण जे करायचे ते जोते भरतानाच स्वस्तात होते. मुरूम दाबून झाल्यावर चार इंच गिट्टीचा थर द्यावा, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद सांधे नीट चिकटवून अंथरावा, आणि मग काँक्रीट टाकावे. ओल येऊ नये म्हणूनही हाच कागद उपयोगी पडतो. भिंत-फरशीचा सांधा आणि पाइपांची भोके सिमेंटने नव्हे तर न फाटणाऱ्या सीलंटने बुजवावीत. गिट्टीच्या थरातून एक चार इंची पाइप भिंतीच्या कडेने स्लॅबच्या वर काढून ठेवला, की पुढे कधी आकडा जास्त आला तर त्या पाइपला लहान पंखा बसवून जोत्याखालची हवा थेट बाहेर काढता येते. जास्त रेडॉनच्या घरांसाठी जगभर हाच उपाय सगळ्यांत परिणामकारक ठरला आहे. रोशनदाने समोरासमोरच्या भिंतींत ठेवावीत, एक वर आणि एक खाली. आणि कंत्राटदार म्हणाला की जाळी लावून एक पुरे होते, तर त्याला दुसरेही काढायला लावावे.